दुसऱ्या पिपाचा आवाज

२७ ऑगस्ट १९४९, शनिवार

आज व्हर्जिल पोमरॉयच्या दुकानात चारचौघांत बोलून बसलो. आता मागे फिरणं नाही, म्हणून ही वही.

झालं असं की काडतुसं भरायच्या पावडरचे डबे यंदाही आले नाहीत. चार आले, ते व्हर्जिलने मेहुण्यांसाठी काउंटरखाली ठेवले हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड सांबरांच्या, शिकारीचा हंगाम पंधरा ऑक्टोबरला सुरू होतो. एल्क मारणं हा मोंटानात इतरांचा शौक असेल, आमच्या कॉटर क्रीकला ती हिवाळ्याची बेगमी आहे. तयार काडतुसं मिळत नाहीत आणि उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरोघरी डब्यात खुळखुळताहेत. मी म्हणालो, युद्धातली उरलेली लष्करी पावडर पिपांनी विकायला निघाली आहे, मी मागवतो आणि ज्याची त्याची काडतुसं भरून देतो.

व्हर्जिल म्हणाला, "ती तोफेची पावडर आहे, ब्रेका. तिला ना तक्ता ना पुस्तक. किती घालायची ते तुला कोण सांगणार?"

"माझा मी शोधीन."

"मग एक कर. शेडचं छप्पर आधीच काढून ठेव. उडाल्यावर शोधत हिंडायला नको."

सगळे हसले. हसोत. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस. पंप आणि दुधाची यंत्रं दुरुस्त करायला मला कोणी शिकवलं नाही. उघडलं, मोजलं, पुन्हा बसवलं. काडतुसं बावीस वर्षं भरतोय, एकही फुसकं निघालेलं नाही.

घरी बायकोला, हुल्डाला, सांगितलं. ती तव्यावर लेफ्सा, आमची नॉर्वेची बटाट्याची पोळी, उलटत होती. किती जणांना देणार, एवढंच तिने विचारलं. मी म्हणालो, पंधरा-सोळा घरं.

"म्हणजे पंधरा-सोळा जणांचे डोळे," ती म्हणाली आणि लेफ्सा उलटली.

५ सप्टेंबर, सोमवार

पीप स्टेशनवर आलं. पत्र्याचं, आत मेणकागदाची पिशवी. दाणे काळपट, लांबट, पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे केल्यासारखे. भिंगाखाली वीस दाणे मोजले. लांबीत केसाएवढा फरक, जास्त नाही. वास स्वच्छ. कुजकट वास आला असता तर पीप तसंच ओढ्यात ओतलं असतं.

पावडरच्या एका मोठ्या कंपनीला मी जुलैतच पत्र लिहून विचारलं होतं. त्यांचंही उत्तर आजच आलं. विकतच्या पावडरच्या जागी लष्करी पावडर वापरायचा सल्ला आम्ही कोणालाच देत नाही, असं तीन ओळींत. टाईप सुरेख आहे. फाइलला लावलं.

८ सप्टेंबर, गुरुवार

पहिली चाचणी. माझी बंदूक ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला बांधली, चापाला वीस हात दोरी आणि मी दगडांनी भरलेल्या गाडीआड. अगदी कमी पावडरपासून सुरुवात. पहिलं काडतूस खोकल्यासारखं वाजलं, पुंगळी काजळीने काळी. पुढचं थोडं जास्त. पुढचं आणखी थोडं. प्रत्येक पुंगळीचं बूड मायक्रोमीटरने मोजलं आणि टोपी भिंगातून पाहिली. बुडाला बसवलेल्या त्या टोपीला खोटं बोलता येत नाही. तिची कड गोल राहिली तर दाब बेताचा, चपटी झाली तर फार.

दिवसभरात अकरा उडवली. हुल्डा प्रत्येक आवाजाला खिडकीशी येऊन जात होती. मी हात वर करून दाखवायचो.

१४ सप्टेंबर, बुधवार

जमलं.

ही पावडर इतकी सावकाश जळते की पुंगळी मानेपर्यंत भरली तरी टोपीची कड गोल आणि बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची कडी, दोन बोटांनी उघडतो. शंभर यार्डांवर पाच गोळ्या कॉफीच्या बशीएवढ्या जागेत. विकतच्या पावडरने मला हे कधी साधलं नव्हतं.

म्हणजे हिच्यात चूक करायला जागाच नाही. जास्त घालायची म्हटलं तरी पुंगळीत मावणार नाही! हे कंपनीच्या टाईपवाल्याला कळवावं असं फार वाटलं.

प्रत्येक काडतुसाची पावडर तोलायची गरज नाही. एक पुंगळी बरोबर मापात कापून, तारेचा दांडा डाखून छोटी पळी केली. काठोकाठ भरायची, खेळातल्या पत्त्याने सपाट करायची, ओतायची. दर दहावी पळी तेवढी काट्यावर.

१९ सप्टेंबर, सोमवार

पुंगळ्यांची रीघ. वीस काडतुसांची एक पेटी, पेटीला कागदी पट्टी, पट्टीवर क्रमांक आणि माझी सही. पट्टी फाडल्याशिवाय पेटी उघडत नाही. एक ते अकरा दिल्या.

सातवी मॉड टॉलिव्हरला. तिचा नवरा क्लाइड दोन वर्षांपूर्वी गेला. ती वरच्या टोकाला एकटी राहते आणि त्याचीच पहिल्या महायुद्धातली बंदूक वापरते. त्या काळचं पोलाद ठिसूळ असतं, म्हणून तिची बंदूक मी अर्धा दिवस तपासली. ती म्हणाली, "इतकं तर डॉक्टरने क्लाइडला तपासलं नव्हतं, मिस्टर ब्रेका."

२४ सप्टेंबर, शनिवार

मॉड दुकानात भेटली. धक्का कसा वाटला विचारलं. म्हणाली, "तक्रारीला जागाच नाही. खांद्याला काही जाणवलंच नाही." पेटी तिने पिठाच्या पिंपात ठेवली आहे, ओल लागू नये म्हणून. हे ती व्हर्जिलच्या देखत बोलली, ते बरं झालं. काही माणसांना चांगल्या कामाची कदर असते.

१ ऑक्टोबर, शनिवार

तीस पेट्या झाल्या. पहिलं पीप तळाला आलं, चौथा हिस्सा उरला असेल. दुसरं आज आलं. मी ऑर्डरमध्ये 'पहिल्यासारखीच' असं लिहिलं होतं. चिठ्ठीत त्यांनी लिहिलंय, 'लष्करी, लांब दाण्याची.' पिपावर स्टेन्सिलचा आकडा वेगळा आहे. तो लष्कराचा गोदामातला हिशोब, आपल्याला काय त्याचं.

दाणे त्याच रंगाचे. भिंगाखाली किंचित आखूड वाटले. युद्धाच्या घाईत कापलेले, उन्नीस-बीस व्हायचंच.

व्हर्जिल स्टेशनवर होता. छप्पर अजून आहे का विचारत होता.

३ ऑक्टोबर, सोमवार

नवं पीप जुन्यात ओतून हलवून घेतलं. माझी आई आंबलेल्या पिठाची बरणी कधी रिकामी होऊ द्यायची नाही. तळाशी जुनं असलं की नवं त्याच्याच वळणावर जातं म्हणायची. नॉर्वेहून आणलेलं ते पीठ ती गेली तेव्हाही जिवंत होतं. पावडरचंही तेच, एकजीव केली की सगळ्या पेट्या एकसारख्या उतरतील.

ओतताना हुल्डा दारात कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "हिचा आवाज वेगळा आहे."

"कसला आवाज?"

"पहिली राय धान्य ओतल्यासारखी वाजायची. ही साखरेसारखी वाजतेय."

मी म्हणालो, पीप निम्मं भरलेलं असलं की आवाज बदलतो. तिने चिमटा तोंडात धरला आणि पुढची चादर उचलली.

६ ऑक्टोबर, गुरुवार

आज सहा पेट्या. पळी काट्यावर थोडी जड येतेय. दहावी, विसावी, तिसावी, तिन्ही जड. काटा पुसला, पाया पाणसळीने तपासला, काटा ठीक. हवेत ओल आहे, पावडरने ती धरली असणार. पळी घासून लहान करावी असं क्षणभर मनात आलं. पण पुंगळी काठोकाठ भरूनही धोका नसतो हे मी स्वतः सिद्ध केलंय, मग उगाच वेळ का घालवा? नऊ दिवस राहिलेत, दहा पेट्या बाकी.

टायरला बांधून पुन्हा पाच उडवावीत का, हाही विचार आला. वारा फार होता.

९ ऑक्टोबर, रविवार

मॉडला चव्वेचाळिसावी पेटी दिली. एक आहे, पुरेल, म्हणत होती. मीच आग्रह केला. चर्चच्या पायरीवर तिच्या हातात दिली.

१० ऑक्टोबर, सोमवार

लेस्टर गँट्झ सकाळीच आला. तो मेंढ्या राखतो, बंदुकीला कधी तेल दाखवत नाही. नेम बसवायला त्याने तीन काडतुसं उडवली. "बोल्ट गाढवासारखा अडून बसलाय, नेल्स. लाथ घालावी लागली."

मी त्याच्या नळीत कापड घातलं तर लोकरीचा अख्खा पुंजका बाहेर आला. त्याला चांगलं सुनावलं. साफ करून दिली. तीन पुंगळ्या पाहिल्या, टोप्या थोड्या चपट्या. घाणेरड्या बंदुकीत असं होतं.

रात्री ताट निम्मं ठेवून उठलो. मटण जरा वातड होतं.

१२ ऑक्टोबर, बुधवार

छत्तिसाव्या पेटीतलं एक काडतूस माझ्या स्वतःच्या, स्वच्छ, तेल दिलेल्या बंदुकीत टायरला बांधून उडवलं.

बोल्ट हाताने उघडला नाही, लाकडी हातोडा लागला. उघडल्यावर टोपी गळून पडली. पुंगळीचं बूड फुगलेलं. मायक्रोमीटर लावायची गरज नव्हती, तरी लावला. तीन वेळा.

शेडमध्ये बसून चार काडतुसं खोलली आणि पावडर हुल्डाच्या पांढऱ्या बशीत पसरली. सुईच्या टोकाने दाणे वेगळे करत गेलो. दोन ढीग झाले, एक लांब, एक आखूड. आखूड ढीग मोठा. दोन्हींतले थोडे थोडे दाणे फरशीवर ओळीत मांडून काडी लावली. लांब दाणे सावकाश, निळसर जळत गेले. आखूड ओळ एका श्वासात संपली.

दुसरं पीप तोफेच्या पावडरचं नव्हेच. ती बंदुकीचीच पावडर आहे, जलद जळणारी. तिने पुंगळी काठोकाठ भरणं म्हणजे काय, ते पुस्तक न वाचताही कळतं. आणि ढवळूनही ती एकजीव झालेली नाही. एका काडतुसात आखूड दाणे निम्मे, दुसऱ्यात जवळपास सगळेच. कोणत्या काडतुसात किती, हे मलाही सांगता येणार नाही.

ही वही मागे चाळली. १ तारखेला आकडा लिहिलाय. ३ तारखेला हुल्डाचं म्हणणं लिहिलंय. ६ तारखेला वजन लिहिलंय. सगळं माझ्याच अक्षरात आहे, सुवाच्य.

एकतीस ते सेहेचाळीस. सोळा पेट्या. हंगाम परवा सकाळी नाही, तेरवा.

हुल्डाला सांगितलं. तिने बशीकडे पाहिलं. "मी सांगितलं होतं" हे ती म्हणाली नाही. ते शब्द ऐकायची मी तयारी केली होती, ती फुकट गेली. ती म्हणाली, "पहिला फोन कोणाला?"

आमच्या खोऱ्यात टेलिफोनची लाइन सामाईक. एक लांब घंटी दिली की सगळ्यांनी उचलायचं, आग लागली तर तशी देतात. हुल्डाने लांब घंटी दिली. चौदा घरांनी उचलला, त्यांच्या श्वासांचा आवाज मला येत होता. तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "मी ब्रेका. एकतिसावी आणि तिच्या पुढची एकही पेटी उडवू नका. माझी चूक झाली आहे."

कोणीतरी विचारलं, किती मोठी चूक? मी म्हणालो, डोळा जाईल एवढी.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

दुकानाच्या दारावर कागद लावायला गेलो. 'माझ्या क्रमांक ३१ ते ४६ च्या पेट्यांतलं एकही काडतूस उडवू नये. पेट्या परत आणून द्याव्यात. चूक माझी आहे. नेल्स ब्रेका.'

व्हर्जिलने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "'माझी'खाली रेघ मारू का?"

"मार," मी म्हणालो.

त्याने रेघ मारली नाही. चार खिळे आणले आणि कागद स्वतः ठोकला, सरळ आहे ना हे दोनदा मागे सरकून पाहिलं. मग काउंटरखाली वाकून पावडरचे ते चार डबे वर मांडले, विकतचे, तक्त्यासकट. "घेऊन जा, यातून भर. माझे मेहुणे तसेही झाडंच मारतात."

छप्पर अजून शाबूत आहे, एवढं म्हणालो.

संध्याकाळपर्यंत नऊ पेट्या. चार काडतुसं कमी. तीन लेस्टरची आणि एक त्याच्या शेजाऱ्याने शेडच्या भिंतीवर उडवलेलं. शेजाऱ्याला काही झालेलं नाही. त्याचा बोल्ट अजून उघडलेला नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर ट्रकने घरोघर, रात्री व्हर्जिलच्या डब्यांतून भरलेली काडतुसं बदली देत. आणखी पाच पेट्या, सगळ्या पट्टीसकट. छत्तिसावी माझ्याकडेच आहे. म्हणजे पंधरा झाल्या.

उरली चव्वेचाळीस. मॉडकडे टेलिफोन नाही आणि तिचं घर अगदी टोकाला, म्हणून ते शेवटी राहिलं. तिच्या घरी पोचलो तर दाराला कडी, गोठ्यात घोडी नाही. शेजारी म्हणाले, सकाळीच वरच्या माळावर तंबू टाकायला गेली. पिठाच्या पिंपात हात घालून पाहिलं, कोपरापर्यंत. पेट्या नव्हत्या, सातवीही नाही आणि चव्वेचाळिसावीही.

ट्रक वाटेवर बर्फात रुतला, तो काढण्यात उजेड गेला. उद्या पायी.

१५ ऑक्टोबर, शनिवार

फटफटायच्या आत निघालो. ओढ्याच्या फाट्यापासून चार मैल चढ, गुडघ्याएवढं बर्फ, आणि मी एक्कावन्न वर्षांचा.

उजेड झाला तसे खोऱ्यात चहूकडे आवाज सुरू झाले. ते सगळे माझ्या पहिल्या तीस पेट्यांचे आणि व्हर्जिलच्या डब्यांचे, हे मला माहीत होतं. तरी प्रत्येक आवाजाला पाय थांबायचे. मग वरच्या माळावरून एक आवाज आला. एकच. दुसऱ्याची वाट पाहत उभा राहिलो. आला नाही. त्यानंतरचा मैल कसा चढलो ते आठवत नाही, डोक्यावरची टोपी वाटेत पडलेली परततानाच दिसली.

देवदारांच्या पलीकडे ती बर्फात गुडघे टेकून बसलेली दिसली, पाठमोरी. बाह्यांना रक्त. मी हाक मारली ती माझ्याच कानाला अनोळखी वाटली.

तिने मान वळवली. दोन्ही डोळे जागेवर होते.

"बरं झालं आलात, मिस्टर ब्रेका," ती म्हणाली. "हा पाय धरा. एकटीला पेलत नाहीये."

समोर एल्कची मोठी मादी पडली होती. मी पाय धरला. ती सुरी चालवत राहिली. धाप कमी झाल्यावर मी म्हणालो, चव्वेचाळिसावी पेटी कुठे आहे, ती उडवू नका, तिच्यात दोष आहे, दोष माझा आहे.

ती सुरी पुसून तंबूकडे गेली. पिठाची छोटी थैली आणली आणि दोन पेट्या बाहेर काढल्या. सात आणि चव्वेचाळीस. दोन्हींच्या पट्ट्या शाबूत होत्या. माझी सही जशीच्या तशी.

"मग हे कशाने मारलं?"

तिने खिशातून कारखान्याची जुनी, कोपरे झिजलेली पेटी काढली. आत सहा काडतुसं होती. क्लाइडने युद्धाआधी घेतलेली. दर वर्षी एक, फार तर दोन, म्हणाली.

"तुम्ही म्हणाला होतात, तक्रारीला जागा नाही."

"नव्हतीच," ती म्हणाली. "रागावू नका. क्लाइड म्हणायचा, दुसऱ्याने भरलेलं काडतूस आणि दुसऱ्याची कवळी, कितीही चांगली असो, आपल्या तोंडाशी नेऊ नये. पण तुम्ही किती हौसेने दिलीत, नाही कसं म्हणणार? म्हटलं, जवळ असू दे. पट्टी सुंदर लावता हो तुम्ही."

मी रागावलो नाही. राग यायला हवा होता असं आता लिहिताना वाटतं. तेव्हा मी फक्त दुसरा पाय धरला.

दुपारपर्यंत मांस घोडीवर चढवलं. चव्वेचाळिसावी कोटाच्या खिशात घातली. सातवीही परत मागितली, तिच्यात दोष नसला तरी. तिने ती मात्र दिली नाही. म्हणाली, तिच्यात दोष नाही असं तुम्हीच म्हणताय ना, मग राहू दे. सहा संपल्यावर बघू.

१७ ऑक्टोबर, सोमवार

सोळाही पेट्या खोलल्या. गोळ्या आणि पुंगळ्या ज्याच्या त्याला परत, टोप्या निकामी व्हाव्यात म्हणून तेलात. मिसळलेली पावडर ठेवायची नाही. हुल्डाने ती तिच्या कोबीच्या वाफ्यात पातळ विस्कटली. खत म्हणून चांगली म्हणते. तिला कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, तुझ्याच त्या काडतुसं भरायच्या पुस्तकात आहे, शेवटच्या पानावर. शेवटचं पान मी वाचलेलं नाही.

पेटीवर आता क्रमांकाबरोबर पिपाचा आकडाही येईल. एका पिपात दुसरं कधी ओतायचं नाही, आईची बरणी वेगळी. प्रत्येक पीप, ते कुठलंही असो, चिठ्ठीत काहीही लिहिलेलं असो, पुन्हा टायर, दोरी, दगडांची गाडी आणि अगदी कमीपासून.

आधीच मागवून ठेवलेलं तिसरं पीप दुपारी आलं. ते न उघडता परत पाठवावं असं व्हर्जिल म्हणाला. मी उघडलं. नव्या नोंदवहीत रकाने आखले. आकडा, रंग, दाण्याची लांबी, पळीचं वजन. मग पाचवा रकाना आखला आणि हुल्डाला हाक मारली. ती हात पुसत आली. मी रिकाम्या पत्र्याच्या भांड्यात मूठभर पावडर सावकाश ओतली.

तिने डोळे मिटून ऐकलं.

"परत ओत," ती म्हणाली.

मी परत ओतली.